सासूबाईंनी पाळलेली शांतता

ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते आणि इंजेक्शनं चालू होती. कॅन्सर हा शब्द त्या वर्षांत आमच्या घरात कोणी तोंडातून काढत नसे. नुसतं 'तिची गाठ' म्हणायचे. केस गेले, त्याचं मला एवढं नाही वाटलं. पण झोप गेली ना, तिनं माझी पार वाट लावली. रात्र गेली ती गेलीच, दुपारीही डोळ्याला डोळा नाही.

डॉक्टर म्हणाले, "बाई, झोपेविना अशा खंगत गेलात तर पुढचं इंजेक्शन लांबवावं लागेल. आणि मला ते लांबवायचं नाहीये."

सोबत सासूबाई होत्या, त्यांनी हे ऐकलं. बोरीवलीच्या घरात पाऊल टाकल्या टाकल्या त्यांचा हुकूम सुटला, घरात आवाज करायचा नाही. रेडिओ कपाटात गेला. बेलची वायर काढली. शिटी नको म्हणून भात टोपात शिजू लागला. दाराच्या बिजागऱ्यांना खोबरेल तेल. माझी दोन पोरं घरात मांजरासारखी चालायची, आणि नवरा शिंकायला जिन्यात जायचा, खरंच सांगते.

आणि सासूबाई स्वतः! मालवणकडच्या. भाजीवाल्याला गॅलरीतून हाक मारली तर समोरच्या बिल्डिंगीतले 'काय?' विचारायचे, असा आवाज. ती बाई पंधरा दिवस कुजबुजत होती. मला काही झोप येईना, पण त्यांचे कष्ट बघून मी डोळे मिटून पडून राहायची.

एक दिवस दुपारी गोराईची कोळीण आली. सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवून तिला उंबऱ्याशी बसवलं. दोघी कुजबुजत पापलेटं बघायला लागल्या. मी आतल्या खाटेवरून ऐकतेय.

"ह्यां म्हावरां शिळां आसा."

"आये, सकाळी होडीतून उतरवलाय!"

"हळू बोल गो. डोळे बघ तेचे."

"तुझे पण तसेच झालेत, म्हणून तू शिळी काय?"

झालं! पंधरा दिवसांचा कोंडलेला आवाज एकदम बाहेर पडला. "माका शिळी म्हणतंस? माज्या दारात बसान?" कोळीण काय ऐकून घेणारी होती? तीही उभी राहिली. मला हसू आलं, उठून बघावंसं वाटलं. पण अंग जड झालं, आणि पुढचं मला काही आठवतच नाही.

माझा जन्म लालबागच्या चाळीतला. दहा बाय बाराच्या खोलीत अकरा माणसं. मिलची रात्रपाळी करून आलेले वडील दिवसा झोपायचे आणि आम्ही त्यांच्या पायाशी खेळत, भांडत असायचो. आजूबाजूला माणसं बोलत असली की मी निर्धास्त. हे माझं मलाही कधी उमगलं नव्हतं, तर सासूबाईंना कुठून कळणार?

जागी झाले तेव्हा पोरं शाळेतून आली होती. उंबऱ्याशी दोघी चहा पीत बसलेल्या, दोघींचे घसे बसलेले.

"उठलंस?" सासूबाई म्हणाल्या. "तू झोपलंस तशी मी गप रवलंय, तर तू चाळवलंस. मगे काय करतलंय? परत भांडूक लागलंव."

कोळीण म्हणाली, "तीन तास गो सूनबाई! भांडायला काय उरलंच नाय. मग मी तुझ्या नवऱ्याला पण शिव्या घातल्या."

"त्यांनी काय केलं?"

"काय नाय. पण पोराला बोललं की आये लई भडकते ना, म्हणून."

तीन तास! महिनाभरात एवढी झोप मला लागली नव्हती. त्यानंतर कोळीण टोपली रिकामी करून रोज दुपारी यायची, चहा घ्यायची. पुढचं इंजेक्शन ठरल्या दिवशी झालं. तोवर रोज मी खाटेवर आडवी झाले की सासूबाई माझ्या अंगावर चादर घालून विचारायच्या, "आज कसल्यावरसून भांडूया गो?"