काचेच्या नळीचा माणूस

प्रताप नगरातल्या आमच्या त्या शेजाऱ्याने मला अगदी वैताग आणला होता. तो सोनेगावच्या विमानतळावर मेकॅनिक होता. सकाळी दूधवाला आला की हा दुधात पाणी किती ते दाखवणारी काचेची नळी घेऊन गल्लीत उतरायचा आणि स्वतःच्याच नव्हे, सगळ्यांच्या दुधाच्या गंजात बुडवून पाहायचा. "थांब गा, पाहू दे!" त्याच्यापायी दोन दूधवाल्यांनी गल्ली सोडली.

एकदा मे महिन्यात मी मुंबईला निघालो. दुपारी चारला नोकरीची मुलाखत होती. विमान उन्हात उभं, आम्ही प्रवासी सावलीत घामाघूम, आणि पंखाखाली हाच, तशीच नळी डोळ्यांसमोर धरून! इतक्या उन्हात उडताना इंजिनाची ताकद कमी पडते, म्हणून त्यात पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण सोडतात, हे त्याने मला शंभरदा ऐकवलं होतं. त्या दिवशी त्याला मिश्रणात पाणी जास्त सापडलं. भरलेली अख्खी टाकी त्याने रिकामी करायला लावली. तीन तास गेले. मुलाखत गेलीच.

मी तरातरा त्याच्याकडे गेलो. "काहून इतका वेळ गा? कोन्या गाढवानं मिसळलं होतं हे?"

त्याने नळी पुसून खिशात ठेवली.

"मीच गा. साहेबाले आत्ताच सांगून आलो."

आणि तो पुन्हा टाकीकडे वळला. त्याने मला भांडायलाही काही शिल्लक ठेवलं नाही, याचाच मला अजून राग येतो.