हसदेवच्या काठावरचे समुद्री शिंपले

वैशालीला ऑस्ट्रेलियात शिकायला जायचं होतं आणि आई तिच्याशी बोलत नव्हती. अशा घरातून सहलीला निघू नये, पण आम्ही निघालो. वैशाली माझी धाकटी बहीण, भूगर्भशास्त्र शिकलेली. जाण्याआधी मनेंद्रगढचे समुद्री जीवाश्म पाहायचेच, असा तिचा हट्ट. "मी एकटी घरी काय करू?" म्हणत आईही गाडीत बसली.

भिलाईच्या स्मृति नगरातल्या घरून पहाटे निघालो. बिलासपूरपर्यंत रस्ता झकास. रतनपूरनंतर केंदा घाटात वळणं आणि ट्रक, तिथे घाई नको. पेंड्र्याला गरम आलूगुंडे, म्हणजे बटाटेवडेच, खाल्ले. आई मला म्हणाली, "तिले विचार, चटणी पायजे का." तिघंही एकाच बाकावर बसलो होतो.

मनेंद्रगढला साध्या लॉजवर मुक्काम करून सकाळी हसदेव नदीवर गेलो. जायचं तर हिवाळ्यात जा. पाणी उतरतं, खडक उघडे पडतात. बूट मात्र घट्ट पकडीचे हवेत.

वैशाली एका खडकाशी उकिडवी बसली. "हे बघ, दादा. जाड, गुळगुळीत, फुगीर आहे ना, तो युरीडेस्मा. आणि पंख्यासारख्या रेघांचा हा अविक्युलोपेक्टन. दोघंही दोन झडपांचे शिंपले, पण घराणी वेगळी."

माझा हात पुढे होईना. जंगलातली ही नदी, समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर, आणि माझ्या बुटाशेजारी जवळजवळ अठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रतळ! बर्फ वितळलेल्या गार पाण्यात हे जीव इथेच जगले होते.

माझा हात धरून आई खाली उतरली. बराच वेळ वाकून पाहत राहिली. "हिले विचार, हे अजून कुठं सापडते?"

वैशाली घुटमळली. "ऑस्ट्रेलियात, आई. दक्षिण आफ्रिकेत पण."

"एवढासा जीव एवढ्या लांब कावून गेला वं?"

"गेला नाही, आई. तेव्हा सगळी जमीन एकच होती. बाद में टूटी. जमीनच सरकली."

"म्हंजे हे जागेवरच राह्यले, अन् जमीन चालली गेली?" आई वैशालीकडे बघून बोलत होती. तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

तिथून काही उचलायचं नसतं, आम्हीही उचललं नाही. फोटो तर सपाटच आले. पण भिलाईच्या रस्त्यांवरून जाताना आता वाटतं, हे सगळं अजूनही हलतंय. भीती नाही वाटत, अचंबा वाटतो.

काल जेवताना आईने विचारलं, "तिकडं थंडी पडते का वं?"

वैशालीचा घास हातातच राहिला. "पडते ना."

"मी हो नाही म्हटलं," आई पोळी वाढत म्हणाली. "विचारून राहिली फक्त."