वरून न दिसणारी माणसं

नम्रता तायडेला लहानपणी लढाऊ विमान चालवायचं होतं. सातवीत जाड भिंगांचा चष्मा लागला आणि ते स्वप्न तिथंच बारगळलं. पण नम्रता गप्प बसणारी नव्हे. अमरावतीहून पुण्याला आली, इंजिनिअर झाली आणि कसबा पेठेत, तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांच्या गल्लीजवळ, चौथ्या मजल्यावरच्या एका छोट्या गेम कंपनीत स्वतःची विमानं बनवायला लागली. खाली ठोकाठोकी आणि वर धडाडधूम, त्यामुळे शेजाऱ्यांनीही कधी तक्रार केली नाही.

गेम ऑनलाइन लढाईचा. दोन फौजा, त्यातले बहुतेक खेळाडू बंदूक घेऊन जमिनीवर पळणारे आणि दोन्हीकडे एकेकाच्या हाती विमान. ही विमानंच आता नम्रताच्या गळ्याशी आली होती. विमान डोक्यावर आलं की खालच्यांचा खेळ खल्लास. चाचणीला बोलावलेली मुलं वैतागून अर्ध्यातच उठून जायची. त्यातही खडकीचा प्रज्ञेश म्हणजे कळस! हा नेहमी जमिनीवर खेळणार, नेहमी मरणार आणि जाताना दारात थांबून शांतपणे सांगणार, "विमानं छान झालीयेत हां. फक्त गेममध्ये नकोत."

नम्रतानं काय करायचं बाकी ठेवलं होतं? बॉम्बचा जोर कमी केला, तर विमानवाले म्हणाले, आम्ही काय फुलं उधळतोय का? खालच्यांना क्षेपणास्त्रं दिली, तर विमान धावपट्टी सोडायच्या आत कोसळायला लागलं. शेवटी कंपनीचा मालक विक्रम म्हणाला, "शुक्रवारी एकदा बघू. परत लोक उठून गेले, तर विमानं काढून टाकायची." नम्रताचं वर्षभर जिवापाड जपलेलं काम होतं ते.

गुरुवारी दुपारी तिचे बाबा, नागोराव, मंडईतून भाजी घेऊन तिचं ऑफिस बघायला निघाले. लेकीकडे चार दिवस राहायला आले होते. थोड्या वेळानं फोन आला, "मी तुह्या बिल्डिंगखालीच उभा हाय."

नम्रता खिडकीशी गेली. खाली स्कूटर, हातगाड्या, पिशव्या आणि डोकीच डोकी. सगळी सारखीच. बाबा कुठंच दिसेनात.

"बाबा, हात हलवा!"

"हलवूनच राहिलो ना! तू पिवळा ड्रेस घालून खिडकीत उभी. मले तू साफ दिसून राहिली, तुले मी काहून नाही दिसत?"

नम्रता जागच्या जागी थबकली. खरंच की! खालच्या माणसाला वरचं एकटं माणूस लगेच दिसतं, वरच्याला मात्र गर्दीत काही म्हणजे काही दिसत नाही. आणि तिच्या गेममध्ये? विमानात बसलं की खालच्या प्रत्येकाच्या डोक्यावर लाल खूण दिसायची. झाडाखाली लपा, भिंतीआड लपा, खूण आपली डोक्यावर. विमानवाल्याला सोपं जावं म्हणून ती तिनंच लाडानं दिली होती. म्हणजे इतके दिवस आपणच रडीचा डाव खेळत होतो!

"बाबा, तिथंच थांबा!" असं ओरडून ती कॉम्प्युटरकडे धावली. लाल खुणा साफ काढून टाकल्या. ज्यानं गोळी झाडली त्याच्या बंदुकीचा जाळ तेवढा वरून दिसेल, बाकी कोणी नाही. बॉम्बचा जोर पुन्हा पहिल्यासारखा केला आणि क्षेपणास्त्रं मोजकीच ठेवली. नागोराव खाली मेथीची जुडी सांभाळत उभे आहेत, हे तिला बऱ्याच वेळानं आठवलं. त्यांनी वर आल्यावर काय ऐकवलं ते न सांगितलेलंच बरं.

शुक्रवारी एका बाजूचं विमान तिनं स्वतःच घेतलं. विरुद्ध फौजेत, शेजारच्या खोलीत, प्रज्ञेश होता. तिनं आकाशातून खाली पाहिलं. कौलं, झाडं, रस्ते... माणूस एक नाही! ती आणखी खाली आली. एका पडक्या घराजवळ जाळ चमकला. टाकला बॉम्ब, लागला! काय मजा आली! ती वळून पुन्हा त्याच घरावर आली आणि तेवढ्यात झाडीतून सूं करून काहीतरी सुटलं. पडदाभर धूर झाला. तिचं विमान गरगरत खाली गेलं आणि शेजारच्या खोलीत एकच आरडाओरडा झाला.

"पाडलं! मला पाडलं!" नम्रता खुर्चीतून उडी मारून नाचत सुटली. स्वतःच्या मरणाचा इतका आनंद कोणाला झाला नसेल.

ती धावत शेजारच्या खोलीच्या दारात गेली. सगळे जागेवर होते, एकही उठला नव्हता. विक्रम तिथं हाताची घडी घालून उभा होता. त्यानं खवचटपणे विचारलं, "काय प्रज्ञेश, मग काढू या ना विमानं?"

प्रज्ञेशनं पडद्यावरची नजरसुद्धा हलवली नाही.

"काढा की. मग मी पाडू काय, कावळे?" तो म्हणाला. "त्या नम्रताताईंना आधी परत वर पाठवा. मी केव्हाचा वाट बघतोय."