फुटणारा तारा आणि बजाजनगरचं शोकेस

मला बघायला बजाजनगरहून पाहुणे आले तेव्हा माझी ताऱ्यांवरची पीएचडी अर्धीच झाली होती. लग्नानंतर ती पुरी करू देतील का, एवढं एकच मला विचारायचं होतं. आणि आईची नेमकी त्यालाच बंदी. "तारेबिरे काढायचे नाहीत. शिकते म्हणायचं, बस." माझं डोकं सकाळपासूनच तापलं होतं.

पोहे खाता खाता मुलाच्या आईनं विचारलं, "नेमकं काय शिकती गं?"

मग मी कसली ऐकतेय! म्हटलं, काही तारे मरताना फुटतात. त्यातल्या एका जातीच्या ताऱ्यांचा उजेड सगळीकडं सारखाच धरतात आणि त्यावरून ते किती लांब आहेत ते काढतात. पण तो अगदी सारखा नसतो. ताऱ्यांची मोठाली गावं असतात, त्यांना दीर्घिका म्हणतात. तारा कोणत्या दीर्घिकेत फुटला, ती लहान की मोठी, जुनी की नवी, यावर उजेड थोडा कमीजास्त होतो. तेच मी मोजते.

आईनं कपाळाला हात लावला. मुलगा पोह्यातले शेंगदाणे वेचत राहिला. माझी आत्या मात्र खुर्चीत सरसावून बसली.

"म्हणजे नुसता तारा बघून भागत नाय, त्याचं घर बी बघावं लागतं," ती पाहुण्यांना म्हणाली. "मग रविवारी येतो आम्ही. पोरीला घेऊनच."

वडिलांना चहाचा ठसका लागला.

रविवारी आम्ही खरंच गेलो. आत्यानं फ्रीज उघडून बघितला, गच्चीवर जाऊन आली, मग बैठकीत विचारलं, "हिचं टेबल कुठं राहील?"

"जागाच कुठंय?" मुलाचे वडील म्हणाले. खिडकीपाशी भलंमोठं शोकेस होतं. त्यात मुलाचे क्रिकेटचे कप आणि प्लास्टिकचा ताजमहाल. गावातच ताजमहालासारखा मकबरा असताना!

मी उठायच्या बेतात होते. तेवढ्यात मुलाची आई पदराला हात पुसत आली. "मी बी माहेरी गणितात पहिली यायचे," ती म्हणाली. "इथं आल्यावर कुणी विचारलंच नाय."

 

"ऊठ," ती मुलाला म्हणाली. "ते शोकेस हलव."

मुलानं कप छातीशी धरले. "हे कुठं ठेवू?"

"डोक्यावर," आत्या म्हणाली.

लग्न होऊन आले तेव्हा खिडकीपाशी टेबल होतं. सासूबाईंनी खुर्च्या मात्र दोन आणून ठेवल्या होत्या.