वेळ अमावस्येची सुट्टी आणि माझ्या गळ्यातला टॅग

ड्रोनच्या स्क्रीनवर माणसंच माणसं दिसत होती आणि अर्णव माझ्यावर ओरडत होता, "हे लोक इथे काय करतायत? आज तर सुट्टी आहे!"

अर्णव म्हणजे आमच्या कंपनीचा मालक. पस्तिशीच्या आतला, बंगळुरूचा. माणसांना अंतराळात नेऊन आणणारी कॅप्सूल बनवायला निघालेली ही खासगी कंपनी. मी तिथला सेफ्टी इन-चार्ज. त्याआधीची सगळी नोकरी मी एका सरकारी संस्थेत पॅराशूटचं काम करण्यात घालवली. निवृत्त झालो, बिदर जिल्ह्यातल्या औरादला घरी परतलो, तर यांचा फोन आला. म्हणाले, टेस्ट तुमच्याच जिल्ह्यात आहे, तुम्हीच हवेत. मीही हुरळलो.

टेस्ट ऐकायला सोपी आहे. हेलिकॉप्टर रिकामी कॅप्सूल दोराला टांगून उंच नेणार आणि सोडून देणार. तीन पॅराशूट उघडणार आणि कॅप्सूल सावकाश जमिनीवर टेकणार. ती जिथे पडू शकते तेवढ्या जमिनीभोवती नकाशावर एक वर्तुळ काढतात. त्याला ड्रॉप झोन म्हणतात. टेस्टच्या वेळी त्या वर्तुळात माणूस असता कामा नये. आमचं वर्तुळ कमठाण्याच्या पुढच्या माळावर होतं. निम्मा मुरमाड माळ, निम्मी काळी शेतं. पाहणी केली उन्हाळ्यात, शेतं उघडी पडलेली असताना. त्यामुळे नकाशात सगळ्यालाच 'मोकळी जमीन' असं नाव पडलं होतं.

तारीख ठरायच्या मीटिंगमध्ये मी सांगितलं होतं, "त्या दिवशी वेळ अमावस्या आहे."

लॉजिस्टिक्स बघणाऱ्या मुलीने लॅपटॉपवर पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला. "सर, लोकल हॉलिडे! शाळा बंद, ऑफिस बंद, मजूर कामावर नाहीत. परफेक्ट!"

मी समजावलं. बाई, या सणाला लोक घरी बसत नाहीत. आमच्या बिदर, कलबुर्गी, लातूर भागात त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. अख्खं घरदार शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करतात, तिच्यात लक्ष्मी मांडतात, भाज्या-डाळींची भज्जी आणि ताकातली आंबील यांचा नैवेद्य दाखवतात, पिकात आंबील शिंपडतात आणि वाटेवरच्या अनोळखी माणसालाही हाताला धरून जेवायला बसवतात. वर्षभर शेतात दोन माणसं दिसतील, त्या दिवशी दोन पिढ्या, पाहुणे, सासरहून आलेल्या लेकी, सगळे तिथेच.

अर्णव म्हणाला, "नोटेड."

एवढं बोलून विषय संपला. तहसीलमार्फत नोटीस निघाली. ती चिकटवली पंचायतीच्या दाराला. पंचायतीला सुट्टी.

म्हणून त्या सकाळी स्क्रीनवर जत्रा दिसली तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही, संताप आला. ज्वारीच्या हिरव्या रानात जागोजागी कोपी उभ्या होत्या. पोरं बांधावरून पळत होती. लोकांना हलवायला धाडलेले दोन पोलीसही सापडले. एका कोपीपुढे मांडी घालून भज्जी खात बसले होते. मी त्यांना दोष देणार नाही. वेळ अमावस्येला कुणाच्या शेतात शिरून 'उठा' म्हणायला जीभ रेटत नाही.

मी वॉकीटॉकी उचलला आणि म्हणालो, "होल्ड."

होल्ड म्हणजे थांबा. आमच्या धंद्यात सेफ्टी इन-चार्जने होल्ड म्हटलं की हेलिकॉप्टरचा पंखासुद्धा फिरत नाही. निदान माझ्या जुन्या नोकरीत तरी असंच होतं.

अर्णवने माझ्या हातातून वॉकीटॉकी घेतला. "सर, तुमचं मत ॲडव्हायझरी आहे. बंगळुरूत गेस्ट स्क्रीनसमोर बसलेत. संध्याकाळी त्यांची फ्लाइट आहे. आणि कॅप्सूल काय दगडासारखी थोडीच पडणार? पॅराशूट आहेत ना!"

"पॅराशूट उघडतीलच याची खात्री असती तर टेस्ट कशाला करतोय आपण?" मी म्हणालो. "नाही उघडली तर भरल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीएवढं लोखंड आभाळातून खाली येईल. खाली पोरं आहेत."

"शक्यता किती? वर्तुळ केवढं मोठं आहे बघा. सरकारी सवय सोडा आता. तुमच्या लोकांनी असंच घाबरत घाबरत वर्षं घालवली."

सरकारी माणूस तिथेच होता. मूर्ती. मंजुरी देणाऱ्या खात्याचा निरीक्षक. एके काळी माझ्याच हाताखाली शिकलेला. खुर्ची सावलीत ओढून बसला होता. मी त्याच्याकडे वळलो.

"मूर्ती, तू तरी थांबव."

"सर, आमच्याकडे असतं तर अशी टेस्ट झालीच नसती," तो अभिमानाने म्हणाला.

"मग थांबव की!"

"मी निरीक्षक आहे, सर. निरीक्षण करून रिपोर्ट देईन. थांबवण्याचा अधिकार ऑपरेटरचा, म्हणजे कंपनीचा."

तळपायाची आग मस्तकात जाणे म्हणजे काय ते मला त्या खुर्चीपाशी कळलं. एकाला घाई म्हणजे कर्तबगारी वाटते, दुसऱ्याला गप्प बसणं म्हणजे सावधगिरी. वर्षानुवर्षं मी वाद ऐकत आलोय, माणूस अंतराळात सरकारने न्यावा की खासगीने. दोन्हीकडचे लोक छाती पुढे काढून बोलतात. त्या सकाळी दोघेही माझ्यासमोर होते आणि खाली जेवायला बसलेला माणूस दोघांच्याही हिशेबात नव्हता.

तेवढ्यात लॉजिस्टिक्सच्या मुलीने स्पीकरवर घोषणा केली, "सर्व स्टाफचे टॅग झोनच्या बाहेर. सिस्टीम क्लिअर."

हे टॅग काय ते सांगतो. कंपनीच्या प्रत्येकाच्या गळ्यात ओळखपत्र असतं आणि त्यात आपण कुठे आहोत ते सांगणारी चिप. एकही टॅग वर्तुळात असला तर कॉम्प्युटर कॅप्सूल सोडायचं बटण बंद ठेवतो. ते कुणाच्याही हुकमाने उघडत नाही. नियम चांगला आहे. फक्त तो गळ्यात पट्टा असलेल्यांसाठी आहे.

मी उठलो. जीपची किल्ली घेतली आणि निघालो. कुणाला वाटलं, म्हातारा रुसून घरी चालला.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, कमठाण्यातच दिलेली. तिचं शेत वर्तुळाच्या ऐन पोटात. बांधाला जीप लावली आणि ज्वारीतून चालत गेलो. कोपीपुढे पंगत बसायच्या बेतात होती.

"आलास व्हय दत्ता?" अक्का उठून उभी राहिली. "मला वाटलं औंदा बी न्हाईस याचा. कामून उभा राह्यलास? बस की."

"अक्का, वरून लई जड वस्तू सोडायलेत. समद्यांना घेऊन माळाच्या पल्याड चल."

"आज? लक्षुमी मांडलीया, ताटं वाढायलाव. लक्षुमी सोडून कुठं जायाचं? त्यांस्नी सांग की, उद्या टाका म्हणावं."

"सांगून आलोय. ऐकंना गेलेत."

अक्काने वर पाहिलं. दूरवर हेलिकॉप्टरची घरघर सुरू झाली होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा आवाज उतरला. "अन् तू हितं कामून आलास मग?"

"जेवायला," मी म्हणालो आणि पंगतीत बसलो.

पहिला घास घेईपर्यंत फोन वाजला. अर्णव. "सर! तुमचा टॅग झोनमध्ये दिसतोय! सिस्टीम लॉक झालीय!"

"व्हायलाच पाहिजे."

"लगेच बाहेर या. हा सेफ्टी नियमाचा भंग आहे!"

"बरोबर आहे. माणूस झोनमध्ये असताना टेस्ट करता येत नाही. हेच सकाळपासून सांगतोय."

फोन बंद केला.   इतकी माणसं, लेकरं, म्हातारीकोतारी त्या वर्तुळात बसली होती आणि त्यांच्यासाठी एक बटण थांबत नव्हतं. ते थांबलं कंपनीच्या प्लास्टिकच्या तुकड्यासाठी. माझ्या बहिणीचा जीव माझ्या ओळखपत्रापेक्षा हलका निघाला.

थोड्या वेळाने दोन गाड्या धूळ उडवत बांधावर आल्या. अर्णव लाल तोंडाने उतरला, मागून मूर्ती. अर्णव तोंड उघडणार एवढ्यात अक्काने मडक्यातून आंबील काढून पेला त्याच्या हातात दिला.

"आधी हे घ्या भाऊ. भांडन जेवल्यावर करा."

वेळ अमावस्येच्या दिवशी हा पेला नाकारता येत नाही हे त्याला माहीत नसावं, पण नाकारताही आलं नाही. मूर्ती तर निमूट ताटावर बसला. बाजरीचा वाफवलेला उंडा भज्जीत कुस्करून दोन घास खाल्ल्यावर तो सहज म्हणाला, "एवढं काय त्यात? उद्याचा राखीव दिवस आहेच की. हवाई परवानगी दोन दिवसांची आहे."

माझा घास हातात राहिला. "सकाळी का नाही बोललास?"

"मला कुणी विचारलं नाही, सर."

अर्णवकडे पाहिलं. त्याने नजर चुकवली. राखीव दिवस त्यालाही ठाऊक होता. पण पाहुण्यांची फ्लाइट संध्याकाळची होती.

टेस्ट दुसऱ्या दिवशी झाली. शेतात चिटपाखरू नव्हतं. तीनपैकी एक पॅराशूट अर्धवट उघडून फाटलं. उरलेल्या दोन पॅराशूटनी कॅप्सूल पेलली, पण वाऱ्याने ती भलतीकडे ओढत नेली आणि अक्काच्या ज्वारीत आपटून लोळली. कोप थोडक्यात वाचली. आदल्या दिवशी पोरं जिथे चिंचेच्या झाडाला झोके बांधून खेळत होती, तिथली एक फांदी मोडली होती.

अर्णव खुशीत होता. "बघा सर, झोनच्या आतच पडली! आणि कुणाला काही झालं का?"

 मी त्याला त्या मोडक्या फांदीपाशी नेऊन उभं केलं. त्याने तिथे उभं राहून कॅप्सूलचे फोटो काढले.

कंपनीने जाहीर केलं की टेस्ट यशस्वी झाली आणि कोणत्याही टप्प्यावर मानवी जीविताला धोका नव्हता. मूर्तीच्या रिपोर्टात एकच त्रुटी नोंदली गेली: सेफ्टी इन-चार्ज विनापरवानगी झोनमध्ये शिरले. महिनाअखेरीस माझं काँट्रॅक्ट संपलं, ते पुन्हा झालं नाही.

मध्यंतरी ती लॉजिस्टिक्सवाली मुलगी फोनवर बोलली. पोरगी मनाने वाईट नाही. म्हणाली, त्या दिवसाचा धडा घेऊन सॉफ्टवेअर सुधारलंय. आता सेफ्टी इन-चार्जचा टॅग झोनमध्ये असला तरी लॉक पडत नाही.

मी हे अक्काला सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मग आमच्या समद्यांच्या गळ्यात घाल की ते. आमी काय उगं बसलाव व्हय हितं?"

मी तिची सूचना जशीच्या तशी कंपनीला ईमेलने कळवली आणि एक प्रत मूर्तीच्या खात्यालाही पाठवली. खात्याचं उत्तर अजून यायचं आहे. खासगी कंपनीचं काम जलद. त्यांचं उत्तर तासाभरात आलं: "नोटेड."