तीन माणसांचा खेळ

गावात थिएटर एकच, आणि त्या थिएटरात ऑपरेटरही एकच. एकोणतीस वर्षं तो मशीनच्या खोलीत उभा होता. रिळं होती तेव्हा रिळं चढवायची. रिळं गेली आणि पुस्तकाएवढ्या डबीत सिनेमा यायला लागला, तेव्हा डबी जोडायची. काम बदललं, ‘ऑपरेटर’ ही हाक तीच राहिली. त्याचं खरं नाव बायकोखेरीज कुणाला आठवत असेल असं वाटत नाही, आणि ती तरी कुठे नाव घेऊन हाक मारत होती.

माणूस तसा कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण एका विषयावर त्याची जीभ सुटली की आवरायची नाही: चांगले छोटे सिनेमे आपल्या गावात येत का नाहीत. दर शुक्रवारी सकाळी नवं पोस्टर लागलं की थिएटरपाशी दोन माणसं हटकून यायची. एक चित्रकलेच्या बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, पोस्टरवरचे भडक रंग बघून ज्यांचं डोकं दुखायचं. दुसरे समोरच्या गल्लीतले घड्याळजी. पोस्टरवर बहुतेक वेळा तोच दांडगा नायक असायचा आणि त्याच्या मागे हवेत उडणारी तीच मोटार.

“अहो ऑपरेटर, आपल्याकडे काही आलं का?” बाई विचारायच्या. काही म्हणजे काय, ते सांगावं लागत नसे. बाईंनी पेपरात वाचलेलं असायचं की कुण्या मुलीनं राहतं घर विकून सिनेमा काढला, परदेशात लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि मोठ्या शहरातल्या एका थिएटरात सात दिवस लागून तो गेलासुद्धा.

“कसला येतोय,” ऑपरेटर म्हणायचा. “वितरक लोक आपल्याला माणसात धरतात का? त्यांना वाटतं, इथे सगळे नुसत्या मारामाऱ्या बघायला जन्माला आलेत.”

“अगदी बरोबर बोललात,” घड्याळजी म्हणायचे. मग तिघं मिळून वितरकांच्या नावाने बोटं मोडायचे, बाई घरी जायच्या आणि ऑपरेटर वर मशीनच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसायचा. बसला की खिडकीतून खाली बघायचं टाळायचा. कारण छोटे सिनेमे गावात का येत नाहीत, हे साऱ्या गावात फक्त त्याला ठाऊक होतं. त्याच्यामुळे येत नव्हते.

झालं होतं असं. तीन वर्षांपूर्वी एका वितरकाने एक छोटा सिनेमा पाठवला होता. बाईंनीच पत्रांवर पत्रं लिहून त्याला भंडावून सोडलं होतं. शुक्रवार ते रविवार, रोज सकाळी एक खेळ, तोही थिएटरच्या वरच्या मजल्यावरच्या छोट्या हॉलमध्ये. चालला तर दर महिन्याला एक पाठवीन, असं त्याने कबूल केलं होतं. सिनेमा जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या दोन बायकांचा होता. लोकांचे फोन बोर्डावर हाताने जोडून देता देता त्यांचं आयुष्य कसं सरलं, एवढीच गोष्ट.

गुरुवारी दुपारी प्रत तपासायची होती. सुरुवातीची पाच मिनिटं, थोडं मधलं, थोडं शेवटचं. चित्र आणि आवाज धड आहे एवढं बघितलं की झालं. ऑपरेटरने सुरुवात लावली आणि त्याला ते थांबववेना. तो खाली उतरला आणि रिकाम्या हॉलमध्ये मधल्या रांगेत जाऊन बसला. प्रेक्षकाच्या खुर्चीत बसून त्याने किती वर्षांत सिनेमा पाहिला नव्हता. शेवटाला तर त्याला हुंदकाच आला. घरी गेल्यावर बायकोने विचारलं, बरं नाही का, तर म्हणाला, डोळ्यात धूळ गेली.

शुक्रवारी सकाळी तीन माणसं आली. घड्याळजी, बाई, आणि बाईंची थोरली बहीण. तिला सगळेच ताई म्हणत. ताई स्वतः चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. गुडघे कामातून गेलेले, घराबाहेर पडणं सुटलेलं. त्या दिवशी मात्र नीट केस विंचरून, इस्त्रीचे कपडे घालून, दोन्ही बाजूंनी दोघांना धरून ती छोट्या हॉलच्या एकवीस पायऱ्या चढून आली होती. वर आल्यावर भिंतीला टेकून ती आधी दम खात राहिली.

“आमचा बोर्ड दाखवलाय म्हणे,” ती ऑपरेटरला म्हणाली. “बघू तरी, खरा दाखवलाय की आपलं काहीतरी.”

मालकाचा नियम असा, की पाचाच्या आत माणसं असली तर खेळ करायचा नाही. हा नियम ऑपरेटरने आजवर कितीदा वाकवला होता, मालकालाही ते माहीत होतं. पण त्या दिवशी दुपारी मोठ्या हॉलमध्ये नव्या सिनेमाचा पहिला खेळ होता, गर्दी नुसती लोटणार होती. तीन माणसांसाठी दोन तास मशीनपाशी उभं राहायचं आणि मग बूड न टेकता तिकडे पळायचं, हे त्याच्या जिवावर आलं. आणि खरं सांगायचं तर त्याने सिनेमा पाहिला होता. त्याचं पोट भरलं होतं.

नियम सांगितला असता तर बाई भांडल्या असत्या आणि घड्याळजींनी आणखी दोन तिकिटं काढून त्याचं तोंड बंद केलं असतं. म्हणून तो म्हणाला, “मशीन बिघडलंय बाई. उद्या या.”

बाईंचा चेहरा उतरला. ताई मात्र हसली. “असू दे गं,” ती बहिणीला म्हणाली, “मशीनच ते. आमचा बोर्ड काय कमी रुसायचा?” मग ती एकवीस पायऱ्या उतरली. चढायला लागला त्याच्या दुप्पट वेळ लागला. ऑपरेटर वरच्या खिडकीतून बघत होता. खाली जाऊन हात द्यावा, असं त्याच्या मनात आलं, पण तो गेला नाही.

तासाभराने वितरकाच्या ऑफिसातून फोन आला. किती आले? तीन म्हणावं, तर मग दाखवला का नाही, हे सांगावं लागणार.

“कोणी नाही आलं,” ऑपरेटर म्हणाला.

“वाटलंच होतं,” पलीकडचा म्हणाला. “राहू द्या मग उरलेले दोन दिवस.”

डबी परत गेली. शनिवारी बाईंचा फोन आला, तेव्हा मशीनचा एक भाग शहरातून मागवलाय, अशी थाप त्याने ठोकून दिली, आणि ती पटावी म्हणून छोट्या हॉलला कुलूप घालून ठेवलं. वितरकाच्या लेखी कोणी आलंच नव्हतं, बाईंच्या लेखी मशीन बिघडलं होतं, आणि दोन्ही थापांची एकमेकींशी गाठ पडायचं काही कारण नव्हतं. दर महिन्याला सिनेमा पाठवायची गोष्ट वितरकाने पुन्हा काढली नाही. त्याच वर्षी ताई गेली.

तीन वर्षं वेळ मारून नेली. आणि मग एका शुक्रवारी बाई एक अर्ज घेऊन आल्या. त्याच वितरकाला लिहिलेला, सुरेख अक्षरातला, खाली एकशे चौदा सह्या. उन्हातान्हात घरोघर फिरून त्यांनी त्या गोळा केल्या होत्या.

“एवढं वाचा,” म्हणून त्यांनी बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं: ‘तीन वर्षांपूर्वी आपण पाठवलेला सिनेमा केवळ मशीन बिघडल्यामुळे दाखवता आला नाही. प्रेक्षक आवर्जून आले होते. थिएटरचे ऑपरेटर याला साक्षीदार आहेत.’

“इथे सही करा. मंगळवारी टपालात टाकायचंय.”

ऑपरेटर म्हणाला, चष्मा घरी राहिला. चष्मा त्याच्या खिशात होता.

अर्ज त्याने डब्याच्या पिशवीत ठेवला आणि चार दिवस तो पिशवीतच राहिला. अर्ज असाच गेला, तर वितरक आपलं टिपण काढून बघणार: प्रेक्षक कोणी नाही. मग खोटारड्या ठरणार बाई, एकशे चौदा माणसं खोटारडी ठरणार, आणि सिनेमा पुन्हा कधी या गावाची पायरी चढणार नाही. अर्ज हरवला म्हणावं, तर बाई दुसरा लिहितील, त्यांना काय कंटाळा. खरं सांगावं, तर बाईंच्या समोर उभं कसं राहायचं? नोकरीची भीती होतीच, पण ती दुसऱ्या नंबरची होती. सगळीकडून गळ्याशी आलं होतं.

सोमवारी जेवताना बायकोने तो कागद पुढे ठेवला. एका कोपऱ्याला तेलाचा डाग पडला होता.

“अहो, एक सही करायला चार दिवस?”

तेव्हा त्याने सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर ती म्हणाली, “किती माणसं लागतात म्हणालात?”

“पाच.”

“ते तिघं. तुम्ही चौथे.” तिने कागदावरचा डाग पदराने टिपला. “मला फोन करायचा. मी दोन गल्ल्या पलीकडे घरातच बसले होते की. आले असते.”

हे त्याला तीन वर्षांत सुचलं नव्हतं. ती ताटं उचलून आत गेली, आणि तो हात वाळेपर्यंत तिथेच बसून राहिला.

मंगळवारी सकाळी तो बाईंच्या घरी गेला. पुढच्या खोलीत टेबलावर ब्रशांच्या बरण्या, खिडकीजवळ ताईची उंच पाठीची खुर्ची. तिच्यावर आता वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. बाई ‘बसा’ म्हणाल्या, पण तो बसला नाही. उभ्या उभ्याच त्याने सांगून टाकलं: मशीन चालू होतं, बिघडलं नव्हतं, ऑफिसात मीच सांगितलं कोणी आलं नाही म्हणून. सांगताना मालकाचा नियमही तोंडात आला होता. तो त्याने गिळला.

बाईंनी टेबलावरची एक बरणी बाजूला सरकवली. मग म्हणाल्या, “तुम्ही पाहिला होता?”

“हो. आदल्या दिवशी.”

“पूर्ण?”

“पूर्ण पाहिला बाई. एकट्याने.”

“बोर्ड दाखवलाय त्यात?”

“दाखवलाय.”

“कसा? जसा दिसला तसा सांगा.”

“उभा, कपाटासारखा. भोकांच्या रांगाच रांगा आणि खाली वायरी. त्यातली ती मोठी बाई डाव्या हाताने वायर लावते. उजव्या हातात सारखी पेन्सिल असते, नंबर लिहायला.”

बाईंनी मान हलवली. “ताई तशीच लावायची. डाव्याच हाताने. खरा दाखवलाय म्हणजे.”

मग त्यांनी अर्ज टेबलावर सरळ केला, ते वाक्य पट्टी धरून खोडलं आणि पेन त्याच्यापुढे केलं. “तुम्ही लिहा. तुमच्या हाताने.”

त्याने खिशातून चष्मा काढला. वाकून लिहिलं: ‘मशीन चालू होतं. तीन प्रेक्षक आले होते. मी खेळ केला नाही, आणि कोणी आलं नाही असं ऑफिसला खोटं सांगितलं.’ खाली पूर्ण नाव घालून सही केली. बाईंनी ते नाव वाचलं, अर्ज पाकिटात घालून पाकीट चिकटवलं आणि त्याच्याच हातात दिलं. “जाताना पेटीत टाका.”

मला माफ करा, असं म्हणायचं तो घरून ठरवून आला होता. त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात बाईच बोलल्या. आवाज चढलेला नव्हता.

“ताई शेवटपर्यंत विचारायची, मशीन झालं का गं दुरुस्त? मी सांगायचे, ऑपरेटर खटपट करतायत.”

एवढं बोलून बाई खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलायला लागल्या. तो दार ओढून घेऊन बाहेर पडला. टपालाची पेटी गल्लीच्या टोकाशीच होती.