पुडीचा रकाना

आमच्या घरात कुणाला आजारी पडायचं असेल तर आधी फ्रीजच्या दारावर जागा करावी लागते. तिथे मी तक्ता लावते. नवऱ्याचा उजवा गुडघा बदलला तेव्हा तक्त्याला सहा रकाने होते: वेळ, गोळी, घेतली की नाही, साखर, गुडघा किती अंश वाकला आणि शेरा. पहिल्या दिवशी शेऱ्यात मी ‘कुरकुर’ असं लिहिलं. पुढचे दिवस पाहता तो शब्द छापूनच घ्यायला हवा होता.

घरी सोडताना डॉक्टरांनी एकच गोष्ट तीनदा सांगितली. टाके काढायला याल तेव्हा गुडघा नव्वद अंशांत वाकलेला हवा. नाहीतर तो जाम होईल आणि पुन्हा भूल देऊन वाकवावा लागेल. आम्ही नाशिकात तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्टसाठी बिल्डरने जागा सोडली आहे, तिथे सायकली असतात. तेव्हा नव्वद हा आकडा मी तक्त्याच्या डोक्यावर लाल पेनने लिहिला. व्यायाम व्हायचा तर दुखणं आणि सूज आटोक्यात हवी, म्हणून इतर औषधांबरोबर पाच दिवसांचं स्टिरॉइड दिलं होतं, रोज थोडं कमी करत जायचं. साखर जराशी वाढेल, मोजत राहा, घाबरू नका, असंही बजावलं होतं.

घाबरायचं काम बाकीच्यांनी वाटून घेतलं. खालच्या मजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले काका भेटायला आले. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून गोळीचं पाकीट वाचलं आणि मयताला आल्यासारखा चेहरा केला. मदतीला पिंपळगावहून माझ्या थोरल्या नणंदबाई आल्या होत्या. त्यांना आम्ही अक्का म्हणतो. वर्षभरात अक्कांची तब्येत चांगलीच सुधारली होती. सांधेदुखी गेली होती, गाल भरले होते, चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा गोल झाला होता. नातेवाइकांत त्यांचं उदाहरण देत. त्याच गोल चेहऱ्याने त्यांनी भावाला सांगितलं की त्यांच्या गल्लीतल्या एका बाईचं तोंड स्टिरॉइडने भोपळ्यासारखं सुजलं होतं.

“इख हाय ते, भाऊ. हाडं पोखरून काढतं.”

भाऊ म्हणजे माझा नवरा. रस्त्याकडेच्या गाडीवरची भजी कुठल्या तेलातली आहेत हे त्याने आयुष्यात विचारलेलं नाही. त्या दिवशी त्याने गोळीच्या पाकिटातला बारीक अक्षरांचा कागद भिंग घेऊन वाचला आणि तिसऱ्या दिवशीची गोळी नाकारली. मी डॉक्टरांना फोन केला. दोनच दिवस घेतली आहे, थांबवली तरी धोका नाही, पण दुखेल, व्यायाम मात्र चुकवू नका, असं ते म्हणाले. दुखलं. फिजिओथेरपीवाली मुलगी गुडघ्याला हात लावायच्या आतच तो ओरडे. बासष्ट अंश. दुसऱ्या दिवशी अठ्ठावन्न. म्हणजे आम्ही उलटे चाललो होतो.

तेव्हा अक्कांनी पिंपळगावहून ओळखीच्या माणसाच्या द्राक्षांच्या टेम्पोतून पुड्या मागवल्या. वर्तमानपत्राच्या चौकोनात बांधलेलं तपकिरी चूर्ण, सकाळ-संध्याकाळ मधातून. देणारा हायवेलगतच्या एका खोलीत बसतो, पाटी नाही. आत काय आहे ते सांगायचं नाही, अशी त्याला गुरूची आज्ञा आहे. भिंग घेऊन बसणाऱ्याने इथे एक प्रश्न विचारला नाही. जडीबुटी म्हटलं की आमच्याकडे चौकशी हा अपमान समजतात.

दुसऱ्या दिवशी गुडघा सत्तर. मग ऐंशी. नवरा वॉकर घेऊन घरभर फिरू लागला, न्याहारीला मिसळ आणि वर दोन भाकऱ्या मागू लागला. काकांनी कमरेसाठी चार पुड्या नेल्या. मी तक्त्यात ‘पुडी’ असा सातवा रकाना आखला. घरात कुणी काही गिळलं आणि ते लिहिलं नाही, हे मला सहन होत नाही. त्या वेळी पुडी बंद करायला हवी होती. पण आकडा वर चालला होता आणि लाल पेनचं नव्वद माझंच होतं.

साखर मात्र एरवी दीडशेच्या आसपास असायची ती दोनशे चाळीस झाली, मग दोनशे नव्वद. मी मिसळीला दोष दिला, मग मधाला. दोन्ही बंद केले. साखर ढिम्म हलली नाही. जखमेची एक कड ओलसर दिसू लागली.

टाके काढायच्या दिवशी गुडघा ब्याण्णव अंशांत वाकला. डॉक्टरांनी त्याचं कौतुक केलं नाही. त्यांनी जखम पाहिली, अर्धेच टाके काढले आणि माझा तक्ता मागून घेतला. त्यांचं बोट साखरेवरून गोळीच्या फुल्यांवर गेलं आणि तिथून सातव्या रकान्यात थांबलं. पुडी म्हणजे काय, विचारल्यावर अक्कांनी पर्समधली एक काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती उघडून परत मिटली. तपासल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही, पण एका दिवसात गुण देणाऱ्या पुड्यांत बहुतेक काय निघतं ते त्यांना माहीत होतं.

“माझी गोळी टाकलीत आणि तीच घेत बसलात. फरक एवढाच, माझ्या गोळीवर मिलिग्रॅम लिहिलेलं असतं.”

अक्का हार मानणाऱ्यांतल्या नाहीत. “म्हणजे त्या माणसाला डॉक्टरकीतलं कळतं म्हणायचं.”

डॉक्टर हसले नाहीत. ते अक्कांच्या गालांकडे आणि दंडावरच्या जांभळ्या डागांकडे पाहत होते. “तुम्ही किती दिवस घेताय?”

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, जणू तेही कुठेतरी लिहून ठेवलेलं असेल. मग म्हणाल्या, “वरीस झालं. सव्वा.”

इतके दिवस घेतल्यावर शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं विसरतं, म्हणून एकदम बंद करायचं नाही, दोघांनीही. अक्कांना फिजिशियनकडे पाठवलं. नवऱ्याला काही दिवस इन्सुलिन आणि तीच नाकारलेली गोळी, कमी करत जायची. त्याने ती मेडिकलच्या काउंटरवरच तोंडात टाकली, न वाचता.

जखम सुकायला आणखी आठवडा गेला. उरलेले टाके काढून आलो त्या दिवशी तो तीन मजले दोन ठिकाणी थांबून चढला. मी मधेच काकांकडे डोकावून पुड्या टाकून द्या म्हटलं. पुड्या संपल्या होत्या, कंबर झकास होती, आणि आणखी मिळतील का, असं ते विचारत होते.

फ्रीजवर आता अक्कांचा तक्ता आहे; गोळी सुटेपर्यंत त्या आमच्याकडेच राहणार आहेत. पुडीच्या रकान्याच्या जागी गोळीचा डोस लिहिते, दर पंधरवड्याला थोडा कमी. चेहरा उतरायला लागल्यापासून नातेवाईक विचारतात, तुम्ही अक्कांना नीट जेवायला घालता ना?